स्पूलर अडकला की ऑपरेटरला अ‍ॅडमिनचा पासवर्ड न देता बॅच फाईल कशी चालवू द्यायची?

सेतूवाला_सांगोला

नमस्कार मंडळी. तालुक्याच्या गावी दाखल्यांचं सेंटर आहे माझं, सोबत झेरॉक्स आणि प्रिंट. काउंटरला दोन पीसी, एकावर विंडोज १० आणि एकावर ११, दोन्ही प्रो. ऑपरेटर पोरांना मुद्दाम स्टँडर्ड अकाउंट दिलंय, अ‍ॅडमिन अकाउंट माझं वेगळं आणि पासवर्ड फक्त माझ्याकडे, कारण आधी कोणीपण काहीपण टाकायचं, कुठला पीडीएफ कन्व्हर्टर, कुठला गेम, आणि महिन्याभरात मशीनची पार वाट लागायची.

आता अडचण अशी की दहावी-बारावीचा निकाल लागला की उत्पन्नाचा दाखला, नॉन क्रिमीलेयर, डोमिसाईल यांची रांग पार रस्त्यापर्यंत जाते आणि प्रिंटर नेमका तेव्हाच रुसतो. एक जॉब अडकतो, त्याच्यापुढे 'डिलीटिंग' असं येतं आणि तो काही डिलीट होत नाही, मागचे सगळे ताटकळत. उपाय मला माहितीये. प्रिंट स्पूलर (छपाईचे जॉब रांगेत लावणारी विंडोजची सर्व्हिस) बंद करायची, सिस्टीम३२ मध्ये स्पूल आणि त्याच्या आत प्रिंटर्स नावाचा फोल्डर असतो तो रिकामा करायचा, सर्व्हिस परत चालू करायची. त्याची तीन ओळींची बॅच फाईल (एकापाठोपाठ चालणाऱ्या कमांडींची फाईल) करून ठेवलीये, 'नेट स्टॉप स्पूलर', मग 'डेल', मग 'नेट स्टार्ट स्पूलर'. माझ्या अकाउंटवरून राइट क्लिक, रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर, झालं काम.

पण मी तहसीलला गेलेलो असलो की पोरं डबल क्लिक करतात आणि काळ्या खिडकीत 'सिस्टीम एरर ५ हॅज ऑकर्ड, अ‍ॅक्सेस इज डिनाइड'. राइट क्लिक केलं की माझा पासवर्ड मागतो. मग मला फोन. एका व्हिडिओत बघून 'रनअ‍ॅज' वापरलं, पुढे '/युजर' मध्ये माझं अकाउंट आणि '/सेव्हक्रेड' जोडलं, पहिल्यांदा मीच पासवर्ड टाकला आणि आता तो परत विचारत नाही हे खरं. पण गंमत बघा, तरीही एरर ५ च येतोय! माझ्याच अकाउंटने चालतंय, अकाउंट अ‍ॅडमिन आहे, मग अडवतंय कोण?

थोडक्यात पोरांना पासवर्ड द्यायचा नाही पण एवढं एक काम त्यांना जमलं पाहिजे. होईल का काही?

(कमांडी उच्चाराप्रमाणे लिहिल्यात, समजून घ्या.)

---

रिकामटेकडा_इंजिनीयर

यूएसी, म्हणजे ती परवानगी विचारणारी विंडोजची सोय, बंद करून टाका ना राव. कंट्रोल पॅनलमध्ये युजर अकाउंट्स, तिथे ती उभी पट्टी असते ती एकदम खाली ओढा. मी तर नवीन विंडोज टाकली की पहिलं काम तेच करतो. कटकट संपली.

---

टर्मिनल_तात्या

वरचा सल्ला कृपया ऐकू नका. यूएसीची पट्टी खाली ओढल्याने स्टँडर्ड अकाउंट काही अ‍ॅडमिन होत नाही, पोरांची अडचण आहे तिथेच राहील, उलट तुमच्या स्वतःच्या अकाउंटवर जो एक अडसर होता तो तेवढा जाईल.

आता एरर ५ चं कोडं. व्हिस्टा आली तेव्हापासून, म्हणजे २००७ पासून, अ‍ॅडमिन अकाउंटने लॉगिन केलं की विंडोज त्याला दोन टोकन (हक्कांची ओळखपत्रं म्हणा) बनवते. एक पूर्ण ताकदीचं आणि एक छाटलेलं. रोजचं सगळं, म्हणजे डेस्कटॉप, ब्राउझर, साधी सीएमडी (कमांडींची ती काळी खिडकी), हे छाटलेल्या टोकनवर चालतं. 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' करून 'येस' दाबलं की नवा प्रोसेस पूर्ण टोकनवर सुरू होतो. नवा हं, चालू असलेल्या खिडकीला मधेच ताकद देता येत नाही, म्हणून तर सीएमडी बंद करून परत उघडावी लागते.

'रनअ‍ॅज' ही कमांड विंडोज २००० च्या वेळची आहे, तेव्हा यूएसी जन्मालाच आली नव्हती. ती फक्त 'या माणसाच्या नावाने चालव' एवढंच करते, 'पूर्ण ताकदीने चालव' असं ती म्हणतच नाही. त्यामुळे तुमच्या नावाने सीएमडी उघडते खरी पण छाटलेल्या टोकनवर. खात्री करायची तर त्या खिडकीत 'हूअ‍ॅमआय /ग्रुप्स' मारून बघा, खाली 'मीडियम मँडेटरी लेव्हल' दिसेल आणि अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्सच्या ओळीपुढे 'ग्रुप यूज्ड फॉर डिनाय ओन्ली' असं लिहिलेलं असेल. खऱ्या अ‍ॅडमिन खिडकीत तिथे 'हाय' येतं. नावात 'रनअ‍ॅज' आहे म्हणून राइट क्लिकवालं आणि हे एकच असं सगळ्यांना वाटतं, दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत. (विंडोजमध्ये आधीपासून असलेलं 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' नावाचं अकाउंट याला अपवाद, त्याला छाटलेलं टोकन मिळत नाही, पण व्हिस्टापासून ते डिसेबलच असतं आणि तसंच असू द्या.)

आता महत्त्वाचं. ते '/सेव्हक्रेड' आजच्या आज काढा. तुम्हाला वाटतंय पासवर्ड फक्त त्या बॅच फाईलपुरता सेव्ह झालाय, तसं नाहीये. तो ऑपरेटरच्या अकाउंटमध्ये क्रेडेन्शियल मॅनेजरला (विंडोज पासवर्ड साठवते ती जागा) जाऊन बसलाय आणि त्या पोराने तीच कमांड लिहून शेवटी तुमच्या बॅचऐवजी पॉवरशेल (सीएमडीसारखीच कमांडींची खिडकी) लिहिलं की तुमच्या नावाची पॉवरशेल त्याच्यापुढे उघडणार, पासवर्ड न विचारता. तिथून 'स्टार्ट-प्रोसेस सीएमडी -व्हर्ब रनअ‍ॅज' केलं की फक्त 'येस' की 'नो' एवढाच प्रश्न येतो. येस दाबायला काय लागतं? गल्ल्यातले सुटे काढायला पोराच्या हातात तिजोरीची किल्ली दिल्यासारखं आहे हे.

काढायचं कसं: ऑपरेटरच्याच लॉगिनमधून (तुमच्या नाही, तिथे ते दिसणारच नाही) 'सीएमडीकी /लिस्ट' करा, तुमच्या अकाउंटच्या नावाची नोंद दिसेल, ती 'सीएमडीकी /डिलीट' ने उडवा. आणि तुमचा पासवर्ड बदला, म्हणजे कुठे काही राहिलं असेल तरी ते बिनकामाचं होईल.

---

पेंग्विनप्रेमी_नाशिक

म्हणून म्हणतो लिनक्सवर या 😀 तिथे हा प्रश्न एका ओळीत संपतो. सुडो म्हणजे ठरावीक कमांडी रूट (तिथला अ‍ॅडमिन) म्हणून चालवू देणारी सोय, तिची परवानग्यांची फाईल 'व्हीआयसुडो' ने उघडायची आणि लिहायचं की या ग्रुपला फक्त 'सिस्टीमसीटीएल रिस्टार्ट कप्स' (कप्स म्हणजे तिथली छपाईची सर्व्हिस) एवढीच कमांड रूट म्हणून चालवता येईल आणि तीही 'नोपासवर्ड'. बाकी काहीही केलं की दार बंद. १९८० च्या आसपास अमेरिकेत बफेलोच्या विद्यापीठात दोघांनी सुडो लिहिलं ते नेमकं याच गरजेतून, की रूटचा पासवर्ड सगळ्यांना वाटायचा नाही पण ठरावीक कामं तर करू द्यायचीत. तुमच्या सेंटरचाच प्रश्न झाला की हा.

फक्त ती ओळ लिहिताना 'व्हीआयएम' किंवा 'लेस' असलं काही सुडोला देऊ नका, त्यांच्या आतून शेल उघडता येतं आणि मग तो माणूस रूटच झाला. आणि फाईल नेहमी व्हीआयसुडोनेच उघडा, साध्या एडिटरने उघडून एखादा स्वल्पविराम चुकला की सुडोच बंद पडू शकतं आणि दुरुस्त करायलाही सुडो लागतं.

बाय द वे विंडोज ११ मध्ये पण आता सुडो आलंय, २४एच२ पासून. सेटिंग्जमध्ये चालू करायचं बटण आहे. ते वापरून बघा ना.

---

टर्मिनल_तात्या

@पेंग्विनप्रेमी विंडोजचं सुडो फक्त नावाला सुडो आहे. त्यात सुडोअर्ससारखी फाईलच नाही, म्हणजे 'याला एवढंच करू द्या' असं सांगायची सोयच नाही. ते काय करतं तर यूएसीची विचारणा वर आणतं, आणि स्टँडर्ड अकाउंटला ती विचारणा म्हणजे पासवर्डच. पोरांना शून्य उपयोग. माझ्यासारख्याला मात्र सोयीचं आहे, आधीच उघडलेल्या टर्मिनलमध्ये एखादीच कमांड अ‍ॅडमिन म्हणून मारायची असली की नवी खिडकी उघडत बसावं लागत नाही. त्यातही तीन प्रकार आहेत, नवीन खिडकीत चालणारं, त्याच खिडकीत पण इनपुट बंद असलेलं, आणि इनलाइन म्हणजे लिनक्ससारखं. इनलाइन सगळ्यात सोयीचं वाटतं पण त्यात साध्या खिडकीतून अ‍ॅडमिन प्रोसेसला की-स्ट्रोक्स जाऊ शकतात, म्हणून सुरुवातीला सेटिंग नवीन खिडकीचं असतं. शिवाय विंडोज १० वर ते नाहीच, आणि यांचा एक पीसी १० वर आहे.

आणि सुडोचं एवढं कौतुक करताना हेही सांगा की २०११ मध्ये शिरलेला एक बग त्यात जवळपास दहा वर्षं तसाच होता, जानेवारी २०२१ मध्ये उघड झाला, सुडोअर्समध्ये नाव नसलेला साधा युजरसुद्धा त्यातून रूट होत होता.

---

पेंग्विनप्रेमी_नाशिक

मान्य, पण दुरुस्तही लगेच झाला. आणि उबुंटूने २५.१० पासून रस्ट या भाषेत लिहिलेलं सुडोच डीफॉल्ट केलंय, तसले मेमरीचे घोळ कमी व्हावेत म्हणून. असो, धागा त्यांचा आहे, आपण भांडायला नको.

---

सेतूवाला_सांगोला

तात्या, डोळे उघडलेत. सीएमडीकीने बघितलं तर खरंच माझ्या नावाची नोंद बसलेली होती, उडवली, पासवर्डही बदलला. लिनक्स मला नाही जमणार दादा, डिजिटल सिग्नेचरचं यूएसबी टोकन आणि प्रिंटर-स्कॅनरचं सगळं सॉफ्टवेअर विंडोजचं आहे, ते सोडून कुठे जाऊ.

मग विंडोजमध्ये 'एवढंच करू द्या' असं काहीच नाहीये का?

---

हेल्पडेस्क_ताई

आहे की. लोक उलट्या बाजूने विचार करतात, 'माणसाला अ‍ॅडमिन कसं करू' असा. माणसाला काही करू नका, वस्तूची परवानगी बदला. फाईलला जशा परमिशन असतात तशा विंडोजमध्ये प्रत्येक सर्व्हिसलाही असतात, फक्त त्या सर्व्हिसेसच्या खिडकीत दिसत नाहीत म्हणून कोणाला माहिती नसतात. आमच्या ऑफिसात शाखांमध्ये आयटीचा माणूसच नसतो, तिथे हेच करून ठेवलंय.

सगळं तुमच्या अकाउंटवरून, अ‍ॅडमिन सीएमडीत करा. पॉवरशेलमध्ये करणार असाल तर सर्व्हिसची जी कमांड पुढे सांगतेय ती नुसती 'एससी' न लिहिता 'एससी डॉट ईएक्सई' असं पूर्ण लिहा, कारण विंडोजसोबत येणाऱ्या निळ्या पॉवरशेलमध्ये 'एससी' हे 'सेट-कंटेंट' (फाईलीत मजकूर लिहायची कमांड) चं टोपणनाव आहे, तुम्हाला वाटेल कमांड चालली आणि प्रत्यक्षात फोल्डरमध्ये 'एसडीशो' नावाची फाईल तयार झालेली असेल.

आधी एक लोकल ग्रुप बनवा, समजा 'प्रिंटवाले', आणि ऑपरेटरची अकाउंट त्यात टाका. थेट माणसाला हक्क देऊ नका, पोरगा सोडून गेला की परत सगळं शोधत बसावं लागतं. मग त्या ग्रुपचा एसआयडी (विंडोजने दिलेला ओळख क्रमांक) काढा, पॉवरशेलमध्ये 'गेट-लोकलग्रुप' करून त्यातून नाव आणि एसआयडी बघता येतो, एस-१-५-२१ ने सुरू होणारा लांबलचक आकडा असतो.

मग 'एससी एसडीशो स्पूलर'. एक भयानक दिसणारी ओळ येईल, 'डी' आणि कोलनने सुरू होणारी, पुढे कंसच कंस. घाबरू नका. ही ओळ आहे तशी आधी नोटपॅडमध्ये सेव्ह करा, हे टाळू नका, कारण पुढची कमांड जुनं मिटवून नवं लिहिते, जुन्यात भर घालत नाही. प्रत्येक कंस म्हणजे एकाला दिलेली परवानगी. तुम्ही त्यात एक कंस वाढवायचा: आत आधी 'ए', मग दोन सेमीकोलन, मग हक्कांची अक्षरं, मग तीन सेमीकोलन आणि शेवटी तुमच्या ग्रुपचा एसआयडी. तो 'डी'वाल्या भागाच्या शेवटी बसवायचा, म्हणजे ओळीत पुढे 'एस' आणि कोलन आलं असेल तर त्याच्या आधी. मग ती अख्खी ओळ 'एससी एसडीसेट स्पूलर' च्या पुढे अवतरणचिन्हात देऊन एंटर.

हक्कांची अक्षरं चारच द्या. 'आरपी' म्हणजे सर्व्हिस चालू करणं, 'डब्ल्यूपी' म्हणजे थांबवणं, 'एलसी' म्हणजे स्टेटस बघणं, 'एसडब्ल्यू' म्हणजे तिच्यावर अवलंबून असलेल्या बाकी सर्व्हिसेस बघणं. 'डीसी' चुकूनही देऊ नका. नेटवर बऱ्याच ठिकाणी अ‍ॅडमिनची अख्खी अक्षरमाळ कॉपी करून द्यायला सांगतात, त्यात ते असतं. डीसी म्हणजे सर्व्हिसचं कॉन्फिगरेशन बदलायचा हक्क. स्पूलर चालतो सिस्टीम अकाउंटवर, आणि सर्व्हिस चालू झाल्यावर कुठली ईएक्सई चालवायची हे कॉन्फिगरेशनमध्येच असतं, मग पोराने तिथे आपली ईएक्सई लिहिली आणि सर्व्हिस चालू केली की खेळ खलास, अ‍ॅडमिनच्याही वरची ताकद त्याला मिळाली.

नंतर ऑपरेटरला लॉग ऑफ करून परत लॉगिन करायला लावा. टोकन लॉगिनच्या वेळी बनतं, त्यामुळे ग्रुपमध्ये आत्ता टाकलं तरी चालू सेशनला ते कळत नाही, आणि मग लोक म्हणतात काही उपयोग झाला नाही.

---

सेतूवाला_सांगोला

ताई, शब्दच नाहीत. विंडोज ११ वाल्यावर केलं, पोराच्या साध्या सीएमडीतून 'नेट स्टॉप स्पूलर' चाललं, पासवर्ड नाही काही नाही! पण मधली 'डेल'ची ओळ अजून अ‍ॅक्सेस डिनाइड देते. त्या फोल्डरला पोरांसाठी फुल कंट्रोल देऊन टाकू का?

---

हेल्पडेस्क_ताई

नको नको. त्या फोल्डरमध्ये काय असतं विचार करा. एसपीएल आणि एसएचडी अशा दोन प्रकारच्या फाईली, आणि एसपीएलमध्ये छापायचा अख्खा मजकूर. तुमच्याकडे कोणाचं आधार, कोणाचा उत्पन्नाचा दाखला, कोणाचे बँकेचे कागद. वाचायची परवानगी दिलीत तर सगळ्यांची कागदं उचलायची सोय झाली. आणि लिहायची दिलीत तर तेही वाईट, कारण तिथल्या फाईली सिस्टीम अकाउंटवर चालणारा स्पूलर उचलतो, त्यात बाहेरून काही घुसवायची संधी कशाला ठेवायची.

फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये सिक्युरिटी, मग अ‍ॅडव्हान्स्ड, तिथे 'प्रिंटवाले' ग्रुप जोडा, 'अप्लाइज टू' मध्ये 'धिस फोल्डर ओन्ली' निवडा, 'शो अ‍ॅडव्हान्स्ड परमिशन्स' दाबा आणि दोनच टिका ठेवा, 'लिस्ट फोल्डर' आणि 'डिलीट सबफोल्डर्स अँड फाईल्स'. बाकी सगळ्या काढा. म्हणजे काय, यादी दिसते, उडवता येतं, पण उघडून वाचता येत नाही आणि नवीन काही ठेवताही येत नाही.

आणि डेल नेहमी सर्व्हिस थांबल्यावरच, चालू स्पूलरने फाईल धरून ठेवलेली असली की अ‍ॅडमिनलाही ती उडवता येत नाही.

---

भुसावळ_जंक्शन

ताईंचं उत्तर एक नंबर, पण ज्यांना ती कंसांची ओळ बघूनच घाम फुटतो त्यांच्यासाठी गावठी उपाय सांगतो, मी माझ्या मेव्हण्याच्या दुकानात हाच केलाय. टास्क शेड्युलरमध्ये एक टास्क बनवा, ट्रिगर 'अ‍ॅट स्टार्टअप', चालवायला अकाउंट 'सिस्टीम', आणि 'रन विथ हायेस्ट प्रिव्हिलेजेस' ला टिक. अ‍ॅक्शनमध्ये तुमची तीच तीन ओळींची बॅच फाईल. आता पोरांना एवढंच सांगायचं की प्रिंटर अडकला तर पीसी रिस्टार्ट कर. मशीन उठताना स्पूलर आपोआप साफ होऊन येतो. एसएसडी असली तर चहा सांगेपर्यंत पीसी परत वर. सर्व्हिसच्या परमिशनला हात लावायचा नाही, पासवर्ड नाही, काही नाही.

मात्र बॅच फाईल कुठे ठेवता ते बघा, आणि हे लय महत्त्वाचं. बहुतेक लोक सी ड्राईव्हवर 'टूल्स' नाहीतर 'बॅच' असा फोल्डर करून त्यात ठेवतात. सी ड्राईव्हवर थेट बनवलेल्या फोल्डरमध्ये विंडोज साध्या लॉगिन केलेल्या युजरलाही बदल करायची परवानगी देते, वारशाने येते ती. म्हणजे पोरगा ती बॅच नोटपॅडमध्ये उघडून खाली एक ओळ वाढवू शकतो, 'नेट लोकलग्रुप अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्स' आणि पुढे स्वतःचं नाव '/अ‍ॅड', पीसी रिस्टार्ट केला की तो अ‍ॅडमिन! तुम्हाला कळणारही नाही. म्हणून फाईल प्रोग्राम फाईल्समध्ये फोल्डर करून ठेवा, तिथे साध्या युजरला फक्त वाचता आणि चालवता येतं. ठेवल्यावर 'आयकॅकल्स' (परवानग्या दाखवणारी कमांड) आणि पुढे फाईलचं नाव मारून एकदा डोळ्यांनी बघा, 'युजर्स' पुढे 'आरएक्स' असेल तर ठीक, 'एम' (बदल करायचा हक्क) किंवा 'एफ' (पूर्ण हक्क) दिसलं तर गडबड.

---

टर्मिनल_तात्या

भुसावळकर, भारी पकडलंत. बॅच फाईलच्या जागेचं मी विसरलोच असतो सांगायचं.

हाच टास्क शेड्युलर स्वतःच्या अकाउंटवरही उपयोगी पडतो. रोज लागणारा एखादा प्रोग्राम असेल जो दरवेळी 'येस' विचारतो, त्याचा ट्रिगर नसलेला टास्क करायचा, हायेस्ट प्रिव्हिलेजेसला टिक, आणि डेस्कटॉपवर शॉर्टकट 'एसचटास्क्स /रन /टीएन' आणि टास्कचं नाव असा. विचारणा येत नाही, आणि यूएसीही सगळ्यांसाठी बंद करावी लागत नाही. @रिकामटेकडा_इंजिनीयर, तुम्ही हे करा.

---

रिकामटेकडा_इंजिनीयर

केलं तात्या. पट्टी पण वर ओढली, शपथ.

एक शंका, इथेच विचारतो. मी सीएमडी अ‍ॅडमिन म्हणून उघडली की माझा झेड ड्राईव्ह गायब होतो. ऑफिसच्या सर्व्हरचा मॅप केलेला आहे. साध्या सीएमडीत दिसतो, एक्सप्लोररमध्ये दिसतो, अ‍ॅडमिनमध्ये म्हणतो 'द सिस्टीम कॅनॉट फाइंड द ड्राईव्ह स्पेसिफाइड'. आणि बॅच फाईल राइट क्लिकने चालवली की ती शेजारच्या फाईली शोधतच नाही, सिस्टीम३२ मध्ये जाऊन शोधते.

---

हेल्पडेस्क_ताई

दोन्ही त्या दोन टोकनांचेच प्रताप. मॅप केलेला ड्राईव्ह लॉगिन सेशनला चिकटलेला असतो, आणि पूर्ण टोकनचं सेशन वेगळं, तिथे तो मॅपच झालेला नाही. सोपा उपाय म्हणजे बॅचमध्ये झेड न लिहिता सर्व्हरचा पूर्ण पत्ता लिहा, दोन उलट्या तिरक्या रेघांनी सुरू होणारा. नाहीतर अ‍ॅडमिन खिडकीतच 'नेट यूज' ने परत मॅप करा. रजिस्ट्रीत 'एनेबल लिंक्ड कनेक्शन्स' नावाची किल्लीपण आहे पण एका ड्राईव्हसाठी रजिस्ट्रीत जाऊ नका असं माझं मत.

सिस्टीम३२ चं म्हणाल तर अ‍ॅडमिन म्हणून उघडलं की सुरुवात तिथूनच होते. बॅचच्या पहिल्या ओळीत 'सीडी /डी' आणि पुढे टक्का, टिल्ड, 'डीपी', शून्य असं लिहा, सगळं चिकटून. म्हणजे बॅच फाईल जिथे आहे तिथे ती आधी जाते. 'डेल'वाली बॅच असेल तर ही ओळ नाहीतर पूर्ण पाथ असलाच पाहिजे, सिस्टीम३२ मध्ये उभं राहून 'डेल' तेही अ‍ॅडमिन म्हणून, कल्पना करा.

आणि स्टँडर्ड अकाउंटवर दुसऱ्याचा अ‍ॅडमिन पासवर्ड टाकून काही चालवलं की तो प्रोग्राम त्या अ‍ॅडमिनच्या प्रोफाइलमध्ये चालतो. त्याचा डेस्कटॉप, त्याचं डॉक्युमेंट्स, त्याची रजिस्ट्री. आमच्याकडे दर महिन्याला कोणीतरी विचारतं की सॉफ्टवेअरमधून फाईल डेस्कटॉपवर सेव्ह केली आणि डेस्कटॉपवर नाहीये. असते, दुसऱ्याच्या डेस्कटॉपवर असते.

---

कुडाळचो_झील

मधेच घुसतो. आमच्या सेंटरला २०२१ च्या पावसाळ्यानंतर नेटवर्कचा प्रिंटर जोडतानाही अ‍ॅडमिन पासवर्ड मागायला लागला, आधी मागत नव्हता. त्याचा या सगळ्याशी संबंध आहे का? तेव्हा कोणी नीट सांगितलंच नाही.

---

टर्मिनल_तात्या

आहे ना. त्या जुलैमध्ये याच स्पूलरमधला 'प्रिंटनाइटमेअर' नावाने गाजलेला बग उघड झाला, साधा युजर प्रिंटरच्या ड्रायव्हरच्या नावाखाली काहीही सिस्टीमच्या ताकदीने चालवू शकत होता. मायक्रोसॉफ्टने घाईघाईने अपडेट दिली आणि ऑगस्टच्या अपडेटपासून सर्व्हरवरून प्रिंटर ड्रायव्हर घ्यायला अ‍ॅडमिन लागेल असंच करून टाकलं. ती रजिस्ट्रीतून बंद करायची युक्ती नेटवर सापडेल, करू नका. प्रिंटर एकदाच जोडायचा असतो, एकदा पासवर्ड टाका आणि सोडून द्या.

---

सेतूवाला_सांगोला

दोन्ही पीसीवर ताईंचंच केलं, फोल्डरच्या दोन टिकांसकट. बॅच प्रोग्राम फाईल्समध्ये हलवली, पोरांच्या डेस्कटॉपवर नुसता शॉर्टकट. ११ वर मस्त चालतंय. विंडोज १० वाल्यावर मात्र खिडकी मधेच थांबते आणि काहीतरी विचारते, फॅक्स सर्व्हिस पण बंद होईल, चालेल का, वाय की एन. पोरं बिचारी बघत बसतात.

---

हेल्पडेस्क_ताई

तिथे फॅक्सची सर्व्हिस चालू असणार, ती स्पूलरवर अवलंबून असते म्हणून विचारतं. 'नेट स्टॉप स्पूलर' च्या पुढे '/वाय' जोडा, विचारायचं बंद होईल. पण पोरांच्या ग्रुपला फॅक्स बंद करायचा हक्क आपण दिलेला नाही, त्यामुळे तिथे परत एरर ५ येईल. फॅक्स वापरता का? नसाल वापरत तर तुमच्या अकाउंटवरून सर्व्हिसेसमध्ये जाऊन फॅक्स आधी थांबवा आणि मग डिसेबल करा, उगाच तिलाही कंस लावत बसू नका.

---

सेतूवाला_सांगोला

फॅक्स कोण वापरतंय ताई. केली डिसेबल, चालतंय आता.